आठवा सर्व्हर: टेक लीडचं काम नेमकं काय असतं?

१ ऑगस्ट २०१२ ला सकाळी साडेनऊ वाजता न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि नाईट कॅपिटल या दलाली कंपनीच्या संगणकांनी बेफाम खरेदी-विक्री सुरू केली. ग्राहकांच्या २१२ छोट्या ऑर्डर पूर्ण करायच्या होत्या, एवढंच. पण ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले. १५४ कंपन्यांचे ३९ कोटींहून अधिक शेअर नको असताना घेतले-विकले गेले. सगळं निस्तरेपर्यंत ४६ कोटी डॉलर बुडाले होते. दोन दिवसांत कंपनीच्या शेअरचा भाव पावपट झाला. बाहेरच्या गुंतवणूकदारांनी ४० कोटी डॉलर ओतले म्हणून ती त्या आठवड्यात तगली, आणि पुढच्या वर्षी गेटको या कंपनीत तिचं विलीनीकरण झालं.

नवं सॉफ्टवेअर आठ सर्व्हरवर चढवायचं होतं. सातांवर चढलं. आठव्यावर चढवायचं राहून गेलं. या सगळ्याची सुरुवात एवढ्यातून झाली.

गेल्या महिन्यात आमच्या टीममधला एक मुलगा टेक लीड झाला. सहा वर्षं उत्तम कोड लिहिलेला, कुणाचं काम अडलं की हमखास सोडवून देणारा, म्हणून ही जबाबदारी त्याच्याकडे आली. पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे येऊन म्हणाला, “ताई, मी आता दिवसभर करायचं काय? कोड लिहायला बसलो की कुणीतरी हाक मारतं. संध्याकाळी घरी जाताना वाटतं, आज काहीच झालं नाही.” मी त्याला नाईट कॅपिटलची गोष्ट सांगितली. अमेरिकेचं सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन आपल्या सेबीसारखं काम करतं. त्यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये या प्रकरणात आदेश काढला, १ कोटी २० लाख डॉलरचा दंड ठोठावला, आणि घटनाक्रम बारकाईने नोंदवून ठेवला. तो वाचताना दर वळणावर मला वाटतं, नेमकं इथे टेक लीडचं काम आहे.

ज्यांचा आयटीशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. बांधकामावर एक मुकादम असतो आणि एक मिस्त्री. हजेरी, उचल, सुट्ट्या, आज किती माणसं लागतील हे मुकादम बघतो. भिंतीला ओळंबा लावून ती सरळ जाते आहे ना, हे मिस्त्री बघतो. मिस्त्रीच्या हातातही थापी असतेच, पण त्याने स्वतः किती विटा लावल्या यावरून कुणी त्याचं काम मोजत नाही. सॉफ्टवेअर टीममध्ये मुकादमाचं काम मॅनेजरकडे असतं आणि मिस्त्रीचं टेक लीडकडे. पगारवाढ बहुतेक ठिकाणी त्याच्या हातात नसते, माणूस ठेवण्या-काढण्याचा अधिकार नसतो, पण भिंत वाकडी गेली तर सगळे आधी त्याच्याकडे बघतात.

आता आठव्या सर्व्हरकडे. त्याच्यावर ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड होता. त्याचा वापर कंपनीने २००३ मध्येच थांबवला होता, पण कोड काढून टाकला नव्हता. नऊ वर्षं तो तिथे पडून होता. असं पडून राहणं कुठल्याही टीमला नवीन नाही. आम्ही याला टेक डेट म्हणतो, म्हणजे तांत्रिक कर्ज. ही उपमा वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरने १९९२ मध्ये वापरली. त्याचं म्हणणं असं की, घाईने लिहिलेला कोड बाजारात आणणं हे कर्ज काढण्यासारखं आहे. थोडं कर्ज कामाला वेग देतं, पण ते लवकर फेडलं पाहिजे, नाहीतर व्याज चढत जातं.

कर्ज असणं ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. कर्जाची वही नसणं मात्र धोक्याचं आहे. आपल्या टीमने कुठे कुठे उधारी केली आहे, त्यातली कुठली निमूट पडून आहे आणि कुठली रोज व्याज खाते आहे, हे टेक लीडला माहीत हवं, आणि ते मॅनेजरला कळेल अशा भाषेत सांगता यायला हवं. “कोड फार घाण झालाय, पंधरा दिवस द्या” असं म्हणून आजवर कुणाला पंधरा दिवस मिळालेले मी पाहिले नाहीत. “पेमेंटच्या या भागात एक बदल करायला आज चार दिवस लागतात. आठ दिवस देऊन तो नीट केला तर एक दिवस लागेल. पुढच्या तिमाहीत इथे सहा बदल ठरलेत” असं म्हटलं की समोरचा माणूस स्वतःच गुणाकार करतो. आठ दिवस घालून अठरा वाचतात. हे आकडे काढायला अर्धा दिवस जातो, आणि त्या अर्ध्या दिवसात एक ओळ कोड लिहून होत नाही. नव्या लीडला हा अर्धा दिवस वाया गेला असं वाटतं. माझ्या मते आठवड्यातला तो सगळ्यात कामाचा अर्धा दिवस असतो.

पडून असलेला कोड निदान सुरक्षित असेल असं वाटतं, पण तसंही नव्हतं. पॉवर पेगचं काम मोठ्या ऑर्डरचे छोटे तुकडे करून बाजारात पाठवणं. समजा मंडईत शंभर नारळ घ्यायला एक माणूस पाठवला आणि त्याच्या शेजारी मोजणारा उभा केला. शंभर झाले की मोजणारा ‘पुरे’ म्हणणार. २००५ मध्ये कंपनीने ही मोजणी कोडमध्ये दुसऱ्या, आधीच्या टप्प्यावर हलवली. त्यानंतर पॉवर पेग पुन्हा तपासून पाहिलं नाही, कारण ते कुणी वापरतच नव्हतं. म्हणजे नारळ घेणारा जागेवरच राहिला आणि त्याला ‘पुरे’ म्हणणारा निघून गेला.

तरीही हा माणूस झोपलेला होता. त्याला उठवलं २०१२ च्या एका निर्णयाने. न्यूयॉर्क शेअर बाजार १ ऑगस्टपासून किरकोळ गुंतवणूकदारांसाठी नवी योजना सुरू करणार होता. तिच्यासाठी नाईटच्या लोकांनी नवा कोड लिहिला आणि तो चालू करायला नवा फ्लॅग न घेता पॉवर पेगचाच जुना फ्लॅग वापरला. फ्लॅग म्हणजे बटण समजा. इमारतीतल्या आठ फ्लॅटमध्ये जुन्या गीझरचं एक बटण आहे. वायरमनने सात फ्लॅटमधला गीझर काढून त्याच बटणावर पंखा जोडला. आठव्या फ्लॅटमध्ये गीझर अजून तसाच, आणि आत पाणीही नाही. मग एके सकाळी सगळ्यांना सांगितलं, बटण दाबा.

जुना फ्लॅग पुन्हा वापरणं हा एखाद्या दुपारी पाच मिनिटांत होणारा निर्णय आहे. अशा पाच-पाच मिनिटांच्या निर्णयांनीच सॉफ्टवेअर बनतं, आणि ते सगळे टेक लीडने घ्यायचे म्हटलं तर टीम जागच्या जागी थांबेल. म्हणून निर्णयांची वर्गवारी करायला शिकावं लागतं. चुकला तर उद्या सकाळी बदलता येईल असा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, आणि लीडला तो आवडला नाही तरी चालू द्यावा. हे फार जड जातं. दुसऱ्याने निवडलेली, आपल्याहून थोडी कमी सुबक वाट पाहून गप्प बसणं मला जमायला दोन वर्षं लागली. पण परत फिरता येणार नाही असा निर्णय, म्हणजे डेटा कसा साठवायचा, बाहेरच्या लोकांना कुठला इंटरफेस (आपल्या सॉफ्टवेअरशी जोडण्याची ठरलेली वाट) द्यायचा, खऱ्या पैशांना हात लावणारं बटण कुठलं, हा मात्र टेबलावर आणून सगळ्यांसमोर घ्यायचा आणि लिहून ठेवायचा.

लिहायची पद्धत अगदी साधी आहे. मायकेल नायगार्ड या प्रोग्रॅमरने २०११ मध्ये ती मांडली आणि आज जगभरच्या टीम ती वापरतात. एका निर्णयाला एक-दोन पानं. तेव्हा परिस्थिती काय होती, काय ठरवलं, आणि त्याचे बरे-वाईट परिणाम काय होतील. कागद कोडच्या शेजारीच ठेवायचा. “नवा फ्लॅग घेण्याऐवजी जुना वापरतो आहोत. परिणाम: ज्या सर्व्हरवर जुना कोड राहील तिथे तो जागा होईल.” हे वाक्य लिहिताना माणूस थबकतो. मला वाटतं लिहिण्याचा निम्मा फायदा या थबकण्यातच आहे. उरलेला निम्मा तीन वर्षांनी मिळतो, जेव्हा लिहिणारा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो आणि नव्या मुलीला कळत नाही की हे असं का आहे.

आणि तो आठवा सर्व्हर राहिला कसा? २७ जुलैपासून टप्प्याटप्प्याने कोड चढवला जात होता. एका तंत्रज्ञाच्या हातून एक सर्व्हर सुटला. दुसऱ्या कुणी ते तपासलं नाही, आणि तपासावं असा लेखी नियमच नव्हता. माणसाच्या हातून एक सुटणं ही चूक मी चूक धरत नाही, माणूस म्हटलं की ते होणारच. दुसरी नजर नसणं ही खरी उणीव.

दुसऱ्या नजरेची रोजची जागा म्हणजे कोड रिव्ह्यू, आणि लीडची पारख तिथे होते. कोड रिव्ह्यू म्हणजे एकाने लिहिलेला बदल मुख्य कोडमध्ये जाण्याआधी दुसऱ्याने वाचणं. बऱ्याच टीममध्ये त्याचं रूप पेपर तपासण्यासारखं होतं. लीड लाल पेन घेऊन बसतो, नावं बदलायला लावतो, स्पेस मोजतो. त्यातलं जे यंत्राला करता येतं ते यंत्रालाच द्यावं. त्यासाठी लिंटर आणि फॉरमॅटर ही कोड आपोआप तपासणारी आणि नीट मांडणारी साधनं आहेत. लीडने वाचायचं ते वेगळं. हा बदल अर्धाच चढला तर काय होईल? समोरून रिकामं उत्तर आलं तर? हेच दोनदा चाललं तर पैसे दोनदा कापले जातील का? रात्री दोन वाजता हे बंद पडलं तर जागा झालेला माणूस लॉग, म्हणजे यंत्रणेने लिहून ठेवलेल्या नोंदी, बघून काही समजू शकेल का?

विचारण्याची रीतही महत्त्वाची. “हे चुकीचं आहे, असं कर” असं लिहिलं की समोरचा तसं करतो, आणि पुढच्या वेळी पुन्हा आपल्यालाच विचारायला येतो. “इथे यादी रिकामी आली तर काय होईल असं तुला वाटतं?” असं विचारलं की तो स्वतः शोधतो आणि पुढच्या वेळी न विचारता ते सांभाळून येतो. वेळ जास्त लागतो, हे खरं. पण सहा महिन्यांनी त्या टीममध्ये रिकाम्या यादीचा विचार करणारी सहा डोकी तयार असतात. चांगलं दिसलं तर तेही लिहावं, आणि नेमकं लिहावं: “ही चूक पकडणारी टेस्ट आधीच लिहिलीस, फार बरं झालं.” आपल्याकडे शाळेपासून चुकांखालीच रेघ ओढायची सवय असते, म्हणून हे मुद्दाम करावं लागतं. आणि लीडचा स्वतःचा कोड टीममधल्या सगळ्यात नव्या मुलाने तपासावा. त्याला शिकायला मिळतं, शिवाय लीडचा कोडही तपासला जातो हे सगळ्यांना रोज दिसतं.

या गोष्टीतला एक भाग मला दर वेळी अस्वस्थ करतो. बाजार उघडण्याआधी, सकाळी आठच्या सुमारास, नाईटच्या यंत्रणेने आपल्याच माणसांना ईमेल पाठवायला सुरुवात केली. साडेनऊपर्यंत ९७ ईमेल गेले. त्यात ‘पॉवर पेग डिसेबल्ड’ अशी त्रुटी लिहिलेली होती. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी बंद केलेल्या गोष्टीचं नाव दीड तास समोर येत होतं. पण ते ईमेल धोक्याचा इशारा म्हणून बनवलेलेच नव्हते, आणि ते वाचण्याची कुणाला सवय नव्हती.

ज्या टीममध्ये दिवसाला दोनशे अलर्ट येतात तिथे खरं म्हणजे एकही येत नाही. कुठला अलर्ट माणसाला उठवेल, कुठला फक्त नोंदीत जाईल आणि कुठला कायमचा बंद करायचा, ही साफसफाई दर महिन्याला करणं लीडचं काम आहे. त्यात चमकदार काही नाही, बढतीच्या अर्जात कुणी ते लिहीत नाही. तरी करावं लागतं.

यंत्राचं ऐकण्यापेक्षा माणसाचं ऐकणं अवघड. आपल्या बहुतेक टीममध्ये कुणीतरी आधीच ओळखलेलं असतं की हे बरं चाललेलं नाही, आणि ते कुणीतरी बहुधा सगळ्यात ज्युनियर असतं. नाशिकहून किंवा लातूरहून नुकतीच आलेली, इंग्रजी कॉलवर बिचकणारी मुलगी. मोठ्यांसमोर उलट बोलू नये हे घरात शिकलेली. तिला वाटतं, सरांनी विचार केलाच असेल. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात इस्पितळांमधल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना उलटंच चित्र दिसलं: चांगल्या चालणाऱ्या गटांत औषधांच्या चुकांची नोंद जास्त होती. नीट पाहिल्यावर उलगडा झाला की त्या गटांमध्ये लोक चुका बोलून दाखवत होते, बाकीच्या गटांत त्या लपत होत्या.

म्हणून चर्चेत लीडने शेवटी बोलावं. आधी बोललं की निर्णय तिथेच झाला. “कुणाला शंका आहे का?” असं विचारू नये, त्याला उत्तर नेहमी ‘नाही’ हेच येतं. “हे सोमवारी फसलं असं समजा, कशामुळे फसलं असेल?” असं विचारावं आणि सगळ्यात ज्युनियर माणसापासून सुरुवात करावी. मराठीत सांगितलं तरी चालेल, हे स्पष्ट म्हणावं. मी पाहिलंय, भाषा बदलली की त्याच माणसाच्या तोंडून तिप्पट मजकूर येतो.

पुढे नाईटच्या लोकांनी घाबरून जे केलं त्यातून वेगळीच गोष्ट शिकायला मिळते. व्यवहार भरकटलेत हे दिसल्यावर त्यांना वाटलं, नव्या कोडमध्येच खोट आहे. म्हणून बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरून त्यांनी नवा कोड काढून टाकला. त्यांच्यावर जुना कोड परत आला, आणि आता आठही सर्व्हरवर पॉवर पेग जागं झालं. तातडीच्या वेळी टेक लीडला कीबोर्डवर झेप घ्यावीशी वाटते, कारण तिथे तो सगळ्यात वेगवान असतो. नेमकं तेव्हाच त्याने हात मागे ठेवावेत. टाइप करणारा एक, लॉग वाचणारा दुसरा, बाहेरच्यांना कळवणारा तिसरा, आणि लीडने फक्त विचारत राहायचं: आत्ता आपल्याला खात्रीने काय माहीत आहे? आठही सर्व्हर सारखे वागतायत का? आधी सगळं थांबवता येईल का? हा शेवटचा प्रश्न आग लागण्याआधीच सुटलेला असावा. थांबवायचं बटण कुठे आहे आणि ते दाबायला कुणाची परवानगी लागत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक हवं.

नंतरच्या चौकशीची रीत पाहायची असेल तर प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळून ठेवणाऱ्या गिटलॅब या कंपनीतला ३१ जानेवारी २०१७ चा प्रकार आठवावा. तिथल्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा दमलेल्या अवस्थेत चुकून मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसलं. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या पद्धती अनेक होत्या, पण ऐन वेळी कामी येत नव्हत्या. रोजचा बॅकअप किती तरी दिवस निघतच नव्हता, आणि तो फसल्याचे ईमेल वाटेतच अडत होते. शेवटी उपयोगी पडली त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी हाताने काढून ठेवलेली एक प्रत. कंपनीने हे सगळं जगासमोर मांडलं, दुरुस्तीचं काम थेट प्रक्षेपित केलं, आणि अहवालात त्या माणसाचं नाव न लिहिता ‘टीम-मेंबर-१’ असं लिहिलं. अहवालाचा रोख बॅकअप का निघत नव्हते यावर राहिला. कुणाला धरायचं हा प्रश्न बाजूला ठेवला की बाकीचे प्रश्न दिसू लागतात.

आता टेक लीडने स्वतः किती कोड लिहावा? लिहावाच, नाहीतर जमीन सुटते. पण ज्यावर बाकीचे पाचजण अडून बसतील असं काम स्वतःकडे घेऊ नये. मी हीच चूक केली होती. पहिल्यांदा लीड झाले तेव्हा सगळं अवघड माझ्याकडे, सगळे रिव्ह्यू माझ्याकडे. गणपतीला गावी गेले, तिथे फोनला रेंज नव्हती, आणि पुण्यात हिशोब जुळवणारा रात्रीचा जॉब अडकला. तो पुन्हा कुठल्या टप्प्यापासून सुरू करायचा हे फक्त मला माहीत होतं. चार तास टीम माझा फोन लावत राहिली. परत आल्यावर सगळ्यांनी माझं कौतुक केलं, तुझ्याशिवाय पान हलत नाही म्हणून. त्या कौतुकाने मला फार वाईट वाटलं, कारण पान हलायला हवं होतं.

अवघड काम देताना आधी सोबत बसून करावं, मग तो करताना आपण बघावं, मग बघूही नये. आणि माणसं वाढवून हे सुटेल असं समजू नये. आयबीएमच्या मोठ्या प्रकल्पाचे प्रमुख राहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलं की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं घातली की उशीर वाढतो. पाच माणसांत बोलण्याच्या दहा जोड्या होतात, नऊ माणसांत छत्तीस. त्यातली प्रत्येक जोडी कुणाला तरी सांभाळावी लागते, आणि ते कुणीतरी बहुतेक वेळा लीडच असतं.

परदेशी क्लायंटबरोबरच्या संध्याकाळच्या कॉलबद्दल एकच सांगते. “शुक्रवारपर्यंत होईल ना?” या प्रश्नाला तिथल्या तिथे ‘हो’ म्हणू नये. “उद्या टीमशी बोलून सांगतो” हे उत्तर ऐकून आजवर कुणी करार मोडलेला नाही. घाईने दिलेल्या होकाराची किंमत मात्र टीम दोन शनिवार-रविवार देऊन मोजते.

त्या नव्या टेक लीड झालेल्या मुलाची टीम परवा चार सर्व्हरवर एक बदल चढवणार होती. त्याने एक तक्ता केला: सर्व्हरचं नाव, त्यावरची आवृत्ती, चढवणारा, पाहणारा. पाहणारी म्हणून टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीला बसवलं. तक्ता भरताना तिने विचारलं, “हा फ्लॅग कशासाठी आहे? सगळीकडे बंद दिसतोय.” कुणालाच सांगता आलं नाही. त्याने रिलीज एक दिवस पुढे ढकलली, मॅनेजरला कारण कळवलं आणि दोघं शोधायला बसले. फ्लॅग २०१९ चा होता, कधीच बंद झालेल्या एका योजनेचा. त्या आठवड्यात त्याच्या नावावर कोडचा एकच बदल जमा झाला: ३१२ ओळी कमी.